चरे घालवा, क्लिअर राखा : घरच्या घरी गाडी पॉलिश करताना

सकाळचं तिरपं ऊन काळ्या किंवा गडद निळ्या गाडीच्या बॉनेटवर पडलं की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा दिसू लागतात. सावलीत हीच गाडी अगदी व्यवस्थित वाटते. खरं तर त्या रेषा गोल नसतातच. सगळ्या दिशांनी गेलेले हजारो बारीक चरे असतात, त्यातले जे प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात, आणि डोळ्याला वर्तुळ भासतं. हे चरे घरी काढता येतात. मी गेली काही वर्षं घरच्या गाड्यांवर हे काम करतो आहे आणि नव्याने शिकणाऱ्याला ते जमतं असा माझा अनुभव आहे. मात्र मशीन हातात घेण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा : पॉलिश करणं म्हणजे गाडीला काही लावणं नव्हे, गाडीवरचं काही काढणं आहे.

काय काढतो आपण? पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट, ज्याला गॅरेजमध्ये कुणी नुसतं ‘क्लिअर’ म्हणतं, कुणी ‘लॅकर’. कंपनीतून आलेल्या गाडीवर हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला क्लिअर सुमारे ३५ ते ५० मायक्रॉन. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे गाडीची सगळी चमक केसापेक्षाही पातळ थरात आहे. चरा हा त्या थरात पडलेला चर. पॉलिशने तो ‘भरत’ नाही; त्याच्या आजूबाजूचा क्लिअर घासून त्याच्या तळापर्यंत सपाट करावा लागतो. बारीक पॉलिशने एकदीड मायक्रॉन जातो, कंपाउंडने, म्हणजे जास्त घासणाऱ्या पॉलिशने, दोन-चार. ऊन सोसणारी द्रव्यंही याच थरात असतात, त्यामुळे तो फार पातळ झाला की काही वर्षांनी छतावर आणि बॉनेटवर पांढरे पोपडे सुटतात. गाडीच्या सगळ्या आयुष्यात मिळून पाच-सात मायक्रॉनच आपल्या हातात आहेत असं धरून मी चालतो. सगळी पद्धत या हिशेबातून आली आहे.

आधी तुमच्या गाडीवर कोणता क्लिअर आहे ते बघा

‘स्क्रॅच-रेझिस्टंट’ हा शब्द माहितीपत्रकात असला तरी त्याचा अर्थ ‘चरा पडतच नाही’ असा नाही. चरा पडायला जास्त जोर लागतो, इतकंच. यात दोन अगदी वेगळे प्रकार आहेत, आणि त्यांची गल्लत झाली तर नुकसान होतं.

पहिला प्रकार कडक क्लिअरचा. मर्सिडीज-बेंझने २००३ च्या अखेरीस अतिसूक्ष्म सिरॅमिक कण असलेला क्लिअर आपल्या गाड्यांवर आणला. थर वाळताना हे कण वरच्या बाजूला दाट जाळं करतात आणि पृष्ठभाग टणक होतो. असे कडक थर आता इतरही अनेक गाड्यांवर असतात. त्यांवर चरा उशिरा पडतो, पण एकदा पडला की निघतानाही तितकाच हट्टी. मऊ क्लिअरवर ज्या पॉलिशने दोन फेऱ्यांत आरसा होतो, त्याच पॉलिशने इथे काहीच फरक दिसत नाही.

दुसरा प्रकार लवचिक क्लिअरचा. निस्सानने २००५ च्या डिसेंबरमध्ये असा क्लिअर जाहीर केला; पुढे तो ‘स्क्रॅच शील्ड’ या नावाने ओळखला गेला. यातलं राळेचं जाळं रबरासारखं थोडं दबतं आणि हळूहळू पूर्ववत होतं. लेक्ससच्या काही गाड्यांवरही असा स्वतःहून भरून येणारा थर असतो. त्यांच्या माहितीपुस्तिकेत तो ५ ते ८ वर्षं टिकतो असं दिलं आहे, कोमट पाण्याने चरे लवकर भरतात असंही सांगितलं आहे, आणि घासणारे कण असलेलं मेण वापरू नका अशी स्पष्ट सूचना आहे. किल्लीने किंवा नाण्याने पडलेला खोल चरा मात्र भरत नाही. तुमच्या गाडीवर असा थर असेल तर पुढचं कंपाउंडचं प्रकरण तुमच्यासाठी नाही. गाडी धुवा, अंगाला सोसेल इतकं गरम पाणी सावकाश ओता, एखादा दिवस उन्हात उभी करा आणि मग बघा. म्हणून सुरुवात माहितीपुस्तिकेपासून करा. रंगाची निगा सांगणारी ती दोन पानं बहुतेकांनी उघडलेलीच नसतात.

मॅट रंगाची गाडी असेल तर पॉलिशचा विचारच सोडा. मॅट घासलं की डाग पडल्यासारखी चमक येते, आणि ती परत मॅट होत नाही. जुन्या, साध्या रंगाच्या गाडीवर क्लिअर नसण्याचीही शक्यता असते. आडोशाच्या जागी पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर वर क्लिअर नाही, तुम्ही थेट रंगच घासताय.

कोणता चरा निघेल, कोणता नाही

चऱ्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तो चरा पॉलिशने पूर्ण काढायच्या नादाला लागू नका. कडा थोड्या गोलसर करून तो फिका करता येतो, तिथेच समाधान माना. मग पाणी शिंपडा. ओला असताना चरा दिसेनासा झाला तर तो क्लिअरमध्येच आहे. ओला असूनही पांढरा किंवा करडा दिसत असेल तर प्रायमरपर्यंत गेलाय, तिथे टच-अपचा रंगच हवा. पत्रा दिसत असेल तर पावसाळ्याआधी तो झाकायची घाई करा, गंज वाट बघत बसत नाही.

आणि गाडीचा भाग पूर्वी रंगवलेला असेल तर जपून. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तमच. सगळीकडे ११०-१२० दाखवताना एका दरवाजावर एकदम अडीचशे-तीनशे आलं, की तो दरवाजा रंगवलेला आहे. त्याहून खूप जास्त आकडा म्हणजे खाली पुट्टी. पण हे यंत्र एकूण जाडी सांगतं, त्यात क्लिअर किती ते सांगत नाही, आणि साधं यंत्र प्लास्टिकच्या बंपरवर चालतही नाही. नुकतंच डेंटिंग-पेंटिंग झालं असेल तर पेंटरला विचारल्याशिवाय काही लावू नका. नवा रंग पूर्ण कडक व्हायला आठवडे लागतात.

धुणं : कामाचा निम्मा भाग

बहुतेक जण इथे घाई करतात, मला मात्र सगळ्यात जास्त वेळ इथेच लागतो. गाडीवर राहिलेला धुळीचा एक कण मशीनच्या पॅडखाली सापडला की तुम्ही चरे काढत नसून पाडत असता.

आधी नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने सैल धूळ उतरवा. मग दोन बादल्या घ्या, एकीत गाडीचा शांपू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शांपूत बुडवून एक भाग धुवा, मग साध्या पाण्यात खळबळून माती तळाशी सोडा आणि परत शांपूत बुडवा. छतापासून खाली या. दरवाजांचा खालचा भाग आणि चाकांजवळचा भाग शेवटी, आणि जमलं तर वेगळ्या मोज्याने, कारण खरी वाळू तिथेच असते. बोअरचं पाणी असेल तर गाडी आपोआप वाळू देऊ नका. क्षारांचे गोल डाग पडतात आणि उन्हात भाजले की क्लिअरमध्ये उतरतात. मोठं मायक्रोफायबर अंथरून पाणी टिपून घ्या, घासू नका.

आता हातात भाजीची पातळ प्लास्टिक पिशवी घाला आणि बॉनेटवरून हळू बोटं फिरवा. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारी गाडी पिशवीतून बारीक रव्यासारखी खरखरीत लागेल. हे ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण, डांबर, झाडाचा चीक. रेल्वेमार्गाशेजारी गाडी लावत असाल तर रुळांवरून उडालेला लोखंडाचा कीसही त्यात असतो. लोखंड काढायचा द्रव फवारला की हे कण विरघळताना जांभळे ओघळ उतरतात, पांढऱ्या गाडीवर तर फारच ठळक. द्रव गाडीवरच वाळू द्यायचा नाही, पाण्याने धुऊन टाकायचा. उरलेल्या खरखरीवर क्ले बार, म्हणजे मळ ओढून घेणारी मातीसारखी मऊ वडी. शांपूचं पाणी भरपूर शिंपडून क्लेची चपटी वडी हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवायची, मळ दिसला की घडी घालून नवी बाजू काढायची. क्ले जमिनीवर पडला तर तो तुकडा टाकून द्या. धुऊन परत वापरायचा मोह होतो, पण त्यात रुतलेली वाळू निघत नाही.

सामान

मशीन घ्यायचं तर डीए, म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर. यात पॅड स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी डगमगतही राहतो, त्यामुळे एकाच जागी उष्णता साचत नाही. गॅरेजमध्ये दिसतं ते जड बफिंग मशीन रोटरी, म्हणजे नुसतं गोल फिरणारं असतं. अनुभवी हातात ते सुंदर काम करतं, नवख्या हातात काही सेकंदांत कडेचा क्लिअर जाळतं. ड्रिलला लावायचा बफही त्याच जातीचा.

पॅड तीन-चार तरी हवेत : मऊ फोमचे दोन, मध्यम फोमचा एक, आणि कडक क्लिअर असेल तर मायक्रोफायबरचा कटिंग पॅड. एक बारीक पॉलिश, एक कंपाउंड. रंगाच्या दुकानातल्या डब्यातलं जाडंभरडं रबिंग कंपाउंड नको; त्याच्या खरखरीत दाण्यांचे चरे काढायलाच परत काम वाढतं. सात-आठ स्वच्छ मायक्रोफायबर फडकी, मास्किंग टेप, पाणी मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि एक चांगला टॉर्च. वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा सँडपेपर, यादीत नाही. २००० नंबरचा पेपरही काही हातांतच अनेक मायक्रॉन नेतो, आणि पहिल्या वर्षी त्याला हात लावू नये असं माझं ठाम मत आहे. टूथपेस्टही नको, तिचे दाणे दातांसाठी आहेत. डिझेल-रॉकेलने पुसलेली गाडी तासभर चमकते, कारण तिच्यावर तेल असतं. मग त्याच तेलावर धूळ चिकटते.

टेप लावायला कंटाळू नका

काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, रबर आणि बोधचिन्हं टेपने झाका, नाहीतर पॉलिशचे पांढरे डाग त्यांच्या खाचांत महिनोन्महिने राहतात. आणि दरवाजाच्या कडा, बॉनेटच्या कडा, बाजूने जाणारी ती धारदार घडी, यांवरही टेप हवीच. वाळण्याआधी रंग कडेवरून ओघळून बाजूला जातो, म्हणून तिथे थर मुळातच पातळ असतो. त्यातून पॅडचा सगळा दाब त्या एका रेषेवर येतो.

हे मी सोसून शिकलो. घरच्या मरून गाडीच्या मागच्या दरवाजावर एक चरा घडीच्या अगदी लगत होता. टेप न लावता मी त्या घडीवर दोन फेऱ्या जास्त मारल्या. पुसलं तेव्हा चिंचोक्याएवढा करडा ठिपका दिसला, प्रायमर. मेटॅलिक रंग ठिपक्यापुरता जुळत नाही, त्यामुळे पेंटरला अख्खा दरवाजा रंगवावा लागला. जो चरा माझ्याशिवाय कुणाला दिसतही नव्हता, त्यासाठी कंपनीचा मूळ रंग गेला. तेव्हापासून घडी आली की मी थांबतो.

चाचणीचा चौकोन

सगळ्या लेखातला हा भाग दोनदा वाचा. बॉनेटवर किंवा डिकीवर साधारण दीड फूट बाय दीड फुटाचा चौकोन टेपने आखा. संपूर्ण गाडीची पद्धत या एका चौकोनात ठरवायची आहे.

सुरुवात सगळ्यात सौम्य जोडीने : मऊ फोम आणि बारीक पॉलिश. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब घ्या. मशीन बंद असतानाच पॅड टेकवून चौकोनभर ठिपके उमटवा, म्हणजे सुरू केल्यावर शिंतोडे उडणार नाहीत. वेग एक-दोनवर ठेवून पसरवा, मग चार-पाचवर न्या. हात मात्र हळू, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. आधी आडव्या ओळी, मग उभ्या, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर अर्धी चढलेली. आडवी-उभी मिळून चार ते सहा फेऱ्या. दाब मशीनच्या वजनापेक्षा थोडासाच जास्त. पॅडमागच्या तबकडीच्या कडेला मार्करने एक रेघ ओढून ठेवा. रेघ फिरताना दिसतेय तोवर पॅड काम करतोय; रेघ थांबली म्हणजे तुम्ही जास्त दाबताय किंवा पॅड तिरका झालाय. मग नुसती थरथर होते, चरा तसाच राहतो आणि पत्रा तापतो.

पुसा आणि अल्कोहोलचं फडकं फिरवा. ही पायरी गाळू नका. पॉलिशमधलं तेल चऱ्यांमध्ये बसून त्यांना झाकतं. रविवारी आरशासारखी दिसणारी गाडी दोन धुण्यांनंतर परत जाळीदार होते, ती याचमुळे. एका दुकानातून पॉलिश करून आणलेल्या गाडीचं असंच झालं होतं, महिन्याभरात सगळे चरे परत हजर. ते कधी गेलेच नव्हते. तेल उतरल्यावर टॉर्च तिरका धरून बघा. मोबाइलचा दिवाही चालतो, फक्त सोसायटीच्या पांढऱ्या ट्यूबलाइटच्या भरवशावर राहू नका, तिच्या पसरट उजेडात चरे लपतात.

ऐंशी टक्के चरे गेले असतील तर पद्धत ठरली. काहीच फरक नसेल तर तुमचा क्लिअर कडक आहे. एकदम सगळं बदलू नका. आधी पॉलिश तेच ठेवून मध्यम फोम लावा. तेही पुरलं नाही तर कंपाउंड. त्यावरही हटला नाही तर कंपाउंडसोबत मायक्रोफायबर पॅड, आणि कडक थरांवर बहुतेकदा याच टप्प्यावर चरे हलतात. या जोडीने चरे जातात पण मागे धुरकट झाक राहते. घाबरू नका, ती मऊ फोम आणि बारीक पॉलिशच्या दुसऱ्या हाताने निघते. म्हणजे कडक क्लिअरला दोन टप्पे लागतात, मऊ क्लिअरला अनेकदा एकच. मित्राच्या गाडीवर जे चाललं ते तुमच्या गाडीवर चालेलच असं नाही, दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या असल्या तरी.

उरलेल्या वीस टक्क्यांचं काय? राहू द्या. त्यांच्यासाठी जितका क्लिअर द्यावा लागेल तितकी त्यांची किंमत नाही.

मग सगळी गाडी

ठरलेली जोडी घेऊन चौकोन-चौकोन करत जा. सावलीत काम करा, आणि शक्यतो थंडीच्या दिवसांत सकाळी. मे महिन्यात बॉनेटला हात लावला तर चटका बसतो, तिथे पॉलिश पसरायच्या आत वाळून पीठ होतं. काम करतानाही मधूनमधून तळहात टेकवून बघा. कोमट चालेल, हात काढून घ्यावासा वाटला तर त्या भागाला विश्रांती द्या. प्लास्टिकच्या बंपरवर तर फारच जपून, प्लास्टिक उष्णता पसरू देत नाही, सगळी जागच्या जागी साठते.

प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडा. घासलेला क्लिअर आणि वापरलेलं पॉलिश पॅडमध्ये साठून त्याची ढेकळं होतात, आणि तीच नवे चरे पाडतात. पॅड चिंब झाला की बदला. दारांच्या मुठींखालचे नखांचे चरे मशीनने निघत नाहीत, तिथे फोमचा छोटा तुकडा घेऊन हाताने करा. हाताने कटिंग फारसं होत नाही, पण त्या खोलगट भागापुरतं पुरतं.

पहिल्यांदा करताना अख्खी गाडी एका दिवसात उरकायचा हट्ट नको. पहिल्या रविवारी बॉनेट आणि डिकी, पुढच्या रविवारी दरवाजे. दमलेला हात मशीन तिरकं धरतो.

शेवटी परत अल्कोहोल, आणि मग संरक्षणाचा थर. मेण उबदार चमक देतं पण आपल्या उन्हापावसात महिना-दीड महिनाच टिकतं, सिंथेटिक सीलंट त्याहून बरंच जास्त. पातळ लावा, सांगितलेला वेळ थांबा, पुसा. घरी करणाऱ्यासाठी मी सीलंट सुचवेन, आणि मे अखेरीस पावसाआधी एक हात.

रोजचं फडकं

इतकं करून गाडी खाली उभी केली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे काय होतं? सोसायटीत गाड्या पुसणारे दादा येतात. एका बादलीत वीस गाड्या. आधी कोरड्या झटकणीने धूळ फटकारतात, मग त्याच पाण्यात पिळलेलं सुती फडकं गोल-गोल फिरवतात. तुमच्या बॉनेटवरची जाळी बहुतेक इथेच विणली जाते. शेजारच्या इमारतीचं बांधकाम चालू असेल तर त्या धुळीत सिमेंट आणि वाळू, म्हणजे तो जवळजवळ वॉटर पेपरच.

दोष त्यांचा नाही. पहाटे पाच ते सात या वेळात त्यांना तेवढ्या गाड्या उरकायच्या असतात, आणि गाडी रोज पुसलेली दिसली नाही तर ऐकून कुणाला घ्यावं लागतं? आम्ही आमच्या दादांशी बसून बोललो. पगार तोच ठेवला, काम बदललं : रोज फक्त काचा, आरसे आणि आतली स्वच्छता, आठवड्यातून दोनदा आधी पाइपने पाणी मारून मग मोज्याने धुणं. मोजा, दोन बादल्या आणि तीन फडकी आमची, आमच्या गाडीपुरती, आमच्याच डिकीत. पहिले काही दिवस त्यांना धुळीची गाडी तशीच सोडून पुढे जाणं जड गेलं. आता तेच बाकीच्यांना सांगतात की आधी पाणी मारा, मग हात लावा.

पक्ष्यांची विष्ठा मात्र आठवड्याच्या धुण्यापर्यंत ठेवू नका. उन्हात क्लिअर तापून मऊ पडतो आणि ती त्यात ठसा उमटवते. ओलं फडकं दोन मिनिटं वर ठेवून मऊ करा आणि उचलून घ्या, खरवडू नका.

आणि गाडीच्या कागदपत्रांत एक छोटी चिठ्ठी ठेवा : कोणत्या महिन्यात, कोणत्या भागावर, कोणता पॅड आणि कोणतं पॉलिश, किती फेऱ्या. दोन वर्षांनी परत मशीन बाहेर काढाल तेव्हा त्या दरवाजावर आधी कंपाउंड फिरलंय की नाही, हे तुम्हाला आठवणार नाही.